हातांची फुली

भाऊजींना भाऊजी म्हणायचा हक्क खरं तर एकट्या धाकटीचा. ते तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. पण ते जिथे होते त्याच विमानतळावर ती कामाला लागली आणि तिच्या तोंडून ऐकून ऐकून आधी सामान चढवणारे, मग इंधनवाले, मग विमानं झाडणाऱ्या बायका आणि शेवटी सेफ्टीचे साहेबसुद्धा त्यांना भाऊजीच म्हणायला लागले. "एवढ्या मिशीवाल्या भावजया मला झेपायच्या नाहीत," असं ते वरवर कुरकुरायचे. पण हाक आली की वळताना चेहरा फुललेला असायचा.

तिला ही नोकरी त्यांनी मिळवून दिली, हे म्हणजे अर्धंच सांगणं झालं. गाडी चालवायला त्यांनी शिकवलं, परमिटच्या परीक्षेला त्यांनी बसवलं, आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे थोरलीने, "बाईमाणसानं विमानांच्या गर्दीत कसली लॉरी हाकायची?" म्हणून तोंड वाजवलं तेव्हा, "तुला सायकलसुद्धा येत नाही म्हणून जगातल्या सगळ्या बायकांनी पायी चालावं का?" असं विचारून तिला गप्प करणारेही तेच. धाकटीचा नवरा परगावी नोकरीला, सुट्टीपुरता घरी येणारा. तेव्हा घरात थोरली, भाऊजी, धाकटी आणि तिची मुलगी चिमी, एवढीच माणसं. चिमीला शाळेत सोडायचं कामही भाऊजींनी कुणी न सांगता अंगावर घेतलेलं.

धाकटी शिडी चालवायची. शिडी म्हणजे लॉरीच्या पाठीवर बसवलेला जिना. विमान येऊन उभं राहिलं, त्याच्या चाकांना ठोकळे लागले, इंजिनं शांत झाली, की ही लॉरी माणसाच्या चालीने पुढे न्यायची आणि जिन्याचं वरचं टोक दाराशी लावायचं. ऐकायला सोपं आहे. पण चालवणारी बसते जिन्याखाली, एका कोंदट केबिनमध्ये, आणि ते टोक असतं तिच्या डोक्यावर, पार उंच. तिला समोर दिसतं विमानाचं पांढरं पोट आणि छताच्या काचेतून थोडंसं दार. टोक आणि विमान यांत अंतर किती उरलंय, ते तिला स्वतःला कधीच कळत नाही. ते कळतं बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या हातांवरून. त्याला तिथे हातवाला म्हणतात. तो दोन तळवे समोरासमोर धरतो. तळव्यांमधलं अंतर तेच गाडीपुढे उरलेलं अंतर. तळवे जवळ येत जातात, गाडी सरकत जाते, आणि मग दोन्ही हात डोक्यावर जाऊन एकमेकांवर आडवे पडतात. फुली. फुली दिसली की थांबायचं. हातवाला नजरेआड झाला तरी थांबायचं. यात चर्चा नाही, आणि "मला वाटलं" हा शब्द तर तिथे शिवी समजतात.

धाकटीचे हातवाले भाऊजी होते. आधी त्यांनी स्वतः शिडी चालवली, गुडघे कुरकुरायला लागल्यावर केबिनमधून उतरले आणि हात दाखवायला उभे राहिले. त्यांच्या हातांवर लोकांचा इतका विश्वास की नवे ड्रायव्हर म्हणायचे, भाऊजी उभे असतील तर डोळ्यांचं काम निम्मं होतं.

आता धाकटीचा दोष सांगायचा तर तो असा. तिला फटीचा गर्व होता. जिन्याच्या टोकाला जाड रबर असतं. ते विमानाला टेकवायचं नसतं, थोडी फट ठेवायची असते. ही फट जितकी कमी तितका शिडीवाला पक्का, असं रॅम्पवरच्या, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरशीवरच्या, लोकांनी आपसांत ठरवून टाकलेलं. नियमात कुठे लिहिलेलं नाही, उलट नियम त्याच्या विरुद्धच आहे. पण चहाच्या वेळी बढाया मारायला काहीतरी लागतं. धाकटीच्या फटीतून वर्तमानपत्र सरकेल पण मासिक नाही, असं म्हणायचे. तिला ते आवडायचं. आवडायचं कसलं, ती त्यावर जगायची.

त्या आठवड्यात एकदा फट जरा मोठी राहिली आणि एका वृद्ध बाईंची काठी तीत अडकली. फार काही झालं नाही, काठी निघाली, बाई हसल्या. पण शेजारच्या विमानाचा शिडीवाला दात काढत म्हणाला, "आज फट नाही, दरी ठेवलीस." हे तिला झोंबलं. माणसाला काय झोंबेल याचा काही नेम नसतो. सासरच्यांनी मारलेले टोमणे ती कोळून प्यायली होती, आणि हे एवढंसं वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं.

दुसऱ्या दिवशी भर सकाळी एक नवं कोरं विमान आलं. ऊन स्वच्छ होतं. विमानाभोवती आखलेल्या लाल रेघेशी थांबून तिने ब्रेक दाबून पाहिला, तो चांगला लागत होता. भाऊजी बाजूला उभे राहिले, तळवे धरले. ती सरकली. तळवे जवळ आले, आणखी जवळ आले. मग हात वर गेले आणि आडवे झाले.

तिला फुली दिसली. हे तिने पुढे स्वतःशी कितीही घोळवलं तरी यात फरक पडत नव्हता. फुली स्वच्छ दिसली, तिने पाय ब्रेकवर ठेवला, गाडी थांबली. मग तिला वाटलं, अंगठाभर अजून. दरी नको. तिने पाय उचलला, म्हणजे उचललासुद्धा नाही, नुसता हलका केला, आणि इतका वेळ दाबून धरलेली लॉरी हुंदका दिल्यासारखी पुढे गेली. वरून एक आवाज आला. पत्र्याच्या डब्याचं झाकण अंगठ्याने दाबल्यावर येतो तसा, छोटासा.

समोर भाऊजी उभे होते. हात अजून डोक्यावर, तसेच आडवे.

विमानाचा मेकॅनिक आला, वर चढला, दाराखालच्या पत्र्यावरून त्याने तळहात फिरवला आणि खाली न बघताच मान हलवली. बशीएवढा पोचा होता. पुढचं दार उघडेना. आतले प्रवासी मागच्या दाराने उतरवले. ज्यांना त्या विमानाने पुढे जायचं होतं ते काचेपलीकडे पोरंबाळं घेऊन उभे राहिले आणि थोड्या वेळाने त्यांना सांगण्यात आलं की आज हे विमान कुठेच जाणार नाही. सेफ्टीचे साहेब येऊन धाकटीसमोर उभे राहिले. तिचा एक पाय केबिनच्या पायरीवर होता, एक जमिनीवर, आणि जिभेवर वाक्य तयार होतं: साहेब, मी पाय हलका केला.

तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "साहेब, माझा हात उशिरा उठला. तिची चूक नाही."

साहेबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग धाकटीकडे वळून विचारलं, "काय गं? उशिरा दिसली फुली?"

आणि धाकटीची मान हलली. होकारार्थी. खांबावरच्या कॅमेऱ्याला मधल्या सामानाच्या गाडीमुळे जिन्याची पाठ तेवढी दिसली होती. तेव्हा दोघांचं म्हणणं एकच निघाल्यावर चौकशीत विचारण्यासारखं काही उरलं नाही. भाऊजींना विमानाजवळ उभं राहायची मनाई झाली. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, चमकणारी जाकिटं आणि रबरी कोन वाटायला.

त्या दिवशी घरी जाताना धाकटीला अपराधी वाटत होतं, पण त्यात एक ऊबही होती. आपल्यासाठी एवढं मोठं खोटं बोलणारा माणूस घरात आहे, याची ऊब. हे ऋण कसं फेडू, असले गोड गोड विचार करत ती घरात शिरली. भाऊजी मोरीत हातपाय धूत होते. ती टॉवेल घेऊन दारात उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात. मी..."

"खोटं?" ते वळले. "कसलं खोटं?"

"हात उशिरा उठला म्हणालात ते."

"मग उठलाच की." त्यांनी टॉवेल घेतला आणि तोंड पुसत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ. "अगं, इतकी वर्षं मी फुली केली की गाडी थांबते. एकदाही असं झालं नाही की फुली केली आणि गाडी पुढे गेली. मग आज गेली, याचा अर्थ काय? फुली वेळेवर झाली नाही. मला वाटलं झाली, पण झाली नाही. म्हातारपण असंच येत असणार, माणसाला न सांगता." मग तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "माझ्यामुळे तुझ्या नावाला बट्टा लागला. मनावर घेऊ नकोस."

आत्ता बोलायला हवं होतं. मोरीच्या त्या ओल्या दारात, तिथल्या तिथे. धाकटीने तोंड उघडलं, आणि आतून थोरली ओरडली की दूध उतू जातंय, कुणी आहे का घरात. धाकटी दुधाकडे पळाली. दूध काही उतू जात नव्हतं, नुसतं वर आलं होतं. गॅस बंद करून ती तिथेच उभी राहिली. परत मोरीपाशी गेली नाही. साहेबांपुढे मान हलली ती घाबरून, हे एक वेळ कुणी समजून घेईल. पण हे घाबरून नव्हतं. हे सोयीचं होतं.

पुढचे दिवस तिने ज्या माणसाला रोज पाहिलं तो भाऊजींसारखा दिसायचा, एवढंच. जिना उतरताना कठडा धरायचे. गरम भांडं थोरलीच्या हातातून घ्यायला पुढे यायचे आणि मध्येच हात मागे घ्यायचे. थोरलीला वाटलं कामचुकारपणा आहे. "वय झालं की मान्य करावं माणसानं," ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आणि आमच्याकडे मान्य केलं तर इतकं केलं की ताटली उचलवत नाही." भाऊजी हसले नाहीत. एरवी अशा वाक्यावर त्यांनी तिला दोन तरी सुनावली असती.

एका दुपारी धाकटी लवकर घरी आली तर त्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. आत भाऊजी कपाटाच्या आरशापुढे उभे होते. तळवे समोरासमोर धरायचे, जवळ आणायचे, आणि झटकन हात वर नेऊन फुली करायची. मग खाली. पुन्हा तळवे. पुन्हा फुली. प्रत्येक वेळी ते आरशातल्या स्वतःच्या हातांकडे संशयाने पाहत होते. बनियन घामाने पाठीला चिकटला होता. धाकटी चपला हातात घेऊन तशीच मागे फिरली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन, जणू आत्ताच येतेय अशी, मोठ्याने चपला वाजवत परत आली.

मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. सोबत कोण जाणार, तर धाकटी. तिनेच पुढाकार घेतला. पापी माणूस सेवेला फार तत्पर असतो. डॉक्टरने अक्षरं वाचायला लावली, दिवा मारून पाहिला आणि म्हणाला, "या वयाच्या मानाने उत्तम आहेत हो." कुणालाही आनंद झाला असता. भाऊजींचा चेहरा उतरला. "म्हणजे डोळे नाहीत," ते म्हणाले. "म्हणजे डोक्यातच काहीतरी आहे. डॉक्टर, खरं सांगू का, आपल्या हातून कुणाचा तरी जीव जाईल असं वाटतं हो मला. रस्त्यात पोरीचा हात धरला की घाम फुटतो." डॉक्टरने पाठीवर हात ठेवून झोप नीट घ्या वगैरे सांगितलं. धाकटी शेजारच्या खुर्चीवर पर्स घट्ट धरून बसली होती. परत येताना रिक्षात तिने त्यांना आग्रहाने शहाळं पाजलं.

आणि तिकडे कामावर तिच्या हातात स्टिअरिंग होतंच. नवा हातवाला होता, तरुण, चटपटीत. त्याची फुली व्हायच्या कितीतरी आधी ती थांबायची. आता तिच्या फटीतून मासिक काय, ट्रंक गेली असती. पुढे ये, पुढे ये, असं तो बिचारा खुणावत राहायचा. शेजारचा शिडीवाला आता दात काढत नव्हता. "होतं गं असं," तो समजुतीने म्हणायचा, "भाऊजींनी तुला घाबरवून सोडलं." ती त्यावरही मान हलवायची.

मग चिमीचं झालं. शाळेपुढचा रस्ता रुंद, गाड्यांची सतत ये-जा. भाऊजी चिमीचं मनगट धरून तो पार करून द्यायचे. त्या सोमवारी चिमी दप्तर घेऊन दारात उभी राहिली आणि भाऊजी म्हणाले, "आज आईबरोबर जा." मंगळवारीही तेच. बुधवारी चिमी वेणी घालून घेताना आईला म्हणाली, "मोठे काका म्हणतात, माझा हात उशिरा उठतो, तू माझा हात धरायचा नाही. हात उशिरा कसा उठतो गं?"

धाकटीच्या हातातून वेणीचे पेड सुटले.

"आणि ते रडत होते," चिमी म्हणाली. "मला म्हणाले डोळ्यात कचरा गेला. पण दोन्ही डोळ्यांत?"

त्याच दिवशी जेवताना भाऊजींनी जाहीर केलं की उद्या ते साहेबांना सांगून नोकरी सोडणार आहेत. स्टोअरमध्येही नको. तिथे गाड्या येतात-जातात, एखाद्याला आपण चुकून हात करायचो. थोरलीच्या हातातला डाव तसाच राहिला. इतके दिवस वय झालं, वय झालं म्हणणारी ती, तिचाच आवाज बसला. "अहो, असं काय करता? घरी बसून काय करणार?" ती म्हणाली. "काही नाही," ते म्हणाले, "काही न करणं बरं." थोरली उठली आणि वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्ताने गच्चीवर निघून गेली.

धाकटी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली होती. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"भाऊजी, तुमचा हात वेळेवर होता."

"राहू दे गं."

"राहू दे नाही. फुली मला दिसली. मी थांबले. थांबल्यावर पुन्हा पाय हलका केला. आदल्या दिवशी त्या शेजारच्या शिडीवाल्याने माझ्या फटीला दरी म्हटलं होतं, म्हणून. अंगठाभर पुढे घ्यायची होती. मीच केलं. तुमचा हात वेळेवर होता."

ते तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं आता हात उगारतील, आणि उगारला असता तर बरं, असंही वाटलं. पण ते उठले, स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे आणि धान्याचा मोठा डबा घेऊन आले. डबा भिंतीशी ठेवला. ट्रे तिच्या हातात दिला.

"ही शिडी. ते विमान. सरक."

"भाऊजी..."

"सरक म्हणतो ना."

ती गुडघ्यांवर बसून ट्रे डब्याकडे सरकवू लागली. ते बाजूला उभे राहिले, तळवे धरले, जवळ आणले, हात वर नेले. फुली. ती थांबली. "इथे थांबलीस?" "इथे." "गाडी उभी होती? पूर्ण?" "पूर्ण." "आणि माझे हात?" "हे असेच. वर." "मग?" तिने ट्रे अंगठाभर पुढे ढकलला. तो डब्याला लागून वाजला. "परत कर," ते म्हणाले. तिने पुन्हा केलं. त्यांनी पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदा ट्रे वाजला तेव्हा भाऊजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने किती दिवसांत पाहिलं नव्हतं. ते हसत होते. सगळे दात दाखवून, मिशा थरथरत.

"अगं ए!" ते जिन्याच्या दिशेने ओरडले. "ऐकलंस का? वेळेवर होता माझा हात! मी म्हातारा नाही झालो गं, वेळेवर होता!"

थोरली कपड्यांचा ढीग छातीशी धरून दारात आली. "काय झालं? कसला हात?"

"ही सांगतेय! फुली हिला दिसली होती! आधीच दिसली होती!"

थोरलीला कळायला वेळ लागला नाही. ती नवऱ्याकडे बघतच नव्हती. ती धाकटीकडे बघत होती, जमिनीवर ट्रे धरून बसलेल्या. "डॉक्टरकडे यांच्याबरोबर कोण गेलं होतं?" ती शांतपणे म्हणाली.

धाकटीने मान खाली घातली.

"कोण गेलं होतं, विचारते मी."

"मी."

तेव्हा भाऊजींचं हसू ओसरलं. एकदम नाही. आधी डोळे थांबले, मग तोंड. ते खुर्चीवर बसले आणि आपले दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहू लागले. "मी त्याला काय काय सांगितलं," ते म्हणाले. "तू शेजारी होतीस."

"हो."

"सगळं ऐकलंस?"

"हो, भाऊजी."

ते उठून आपल्या खोलीत गेले. थोरली मात्र बोलली, भरपूर बोलली. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून धाकटी शेवटपर्यंत बसून ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी साहेबांकडे जायच्या आधी धाकटी गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. पाय हलका केला याबद्दल ते फारसं रागावले नाहीत. "त्याच वेळी सांगितलं असतंस तर थोडे दिवस बसवलं असतं, पुन्हा शिकवलं असतं, संपलं असतं," ते म्हणाले. "आता काय करू मी तुझं?" त्यांनी तिचं परमिट काढून घेतलं. काही महिन्यांनी पुन्हा परीक्षा देता येईल, तोवर स्टोअर. भाऊजींना त्याच आठवड्यात परत रॅम्पवर बोलावलं. चिमी शाळेत पुन्हा त्यांच्याबरोबर जायला लागली, आणि त्यांनी मनगट इतकं घट्ट धरलं की हात दुखला, अशी तिने घरी येऊन तक्रार केली. धाकटीला ती तक्रार ऐकून रडू आलं आणि बरंही वाटलं. घरात भाऊजी तिच्याशी बोलायचे. मीठ दे म्हणायचे, पंखा लाव म्हणायचे. थोरली अजून बोलत नव्हती, पण ताट वाढायची.

रॅम्पवर परत रुजू व्हायच्या सकाळी भाऊजी स्टोअरच्या खिडकीशी आले. आत धाकटी होती. तिने त्यांच्या मापाचं जाकीट आधीच बाजूला काढून ठेवलं होतं, सगळ्यांत स्वच्छ. त्यांनी ते अंगात घातलं, चेन लावली, खांदे हलवून पाहिले. मागे रांग होती. धाकटीने इतके दिवस गिळलेलं शेवटी विचारून टाकलं.

"भाऊजी, मी परीक्षा देईन तेव्हा तुम्ही उभे राहाल ना? हात दाखवायला?"

ते खरंच विचार करत होते. तिला बरं वाटावं म्हणून नव्हे, आणि वाईट वाटावं म्हणूनही नव्हे.

"नाही," ते म्हणाले. "मी नाही उभा राहणार."

"मी पुन्हा कधी..."

"त्या अंगठाभराचं नाही म्हणत मी. ते कुणाचंही होतं. माझंही झालं असतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर तिला सोपं गेलं असतं. "पण त्यानंतर मी रोज घरात तुझ्यापुढे फुली धरून उभा होतो गं. डॉक्टरकडे उभा होतो. चिमीचा हात सोडला तेव्हा उभा होतो. तुला दिसत होतं सगळं. आणि तू थांबली नाहीस."

धाकटी खिडकीची कड धरून उभी राहिली.

"संध्याकाळी येताना चिमीला चित्रकलेचे कागद आण," भाऊजी म्हणाले. "पांढरे. मागच्या वेळी पिवळे आणलेस." आणि ते उन्हात चालत गेले, विमानांकडे. कुणीतरी लांबून "भाऊजीऽ" म्हणून आरोळी मारली, आणि त्यांनी एक हात उंच केला.

"ताई, जाकीट," रांगेतला पुढचा माणूस म्हणाला. तिने त्याला जाकीट दिलं. ते त्याला मोठं होतं. त्याने परत केलं, तिने दुसरं शोधायला घेतलं.